शब्दसुमनांनी स्वागत

केसरीनाथ भोईरला गावात दोन गोष्टींसाठी ओळखत. एक म्हणजे राहनाळच्या रस्त्याला असलेली त्याची तीन गोदामं, आणि दुसरी म्हणजे त्याचा आवाज. गोदामं काय, ज्यांची शेतं रस्त्याला लागून होती त्या सगळ्यांचीच झाली होती. आवाज मात्र त्याचा एकट्याचा होता.

गावात हळद असली की माईक केसरीनाथकडे, हे यजमानाला सांगावंही लागत नसे. पाहुणा मांडवाच्या तोंडाशी आला की तिथे खुर्ची टाकून बसलेला घरचा माणूस त्याचं नाव चिठ्ठीवर लिही, चिठ्ठी हातोहात माईकपाशी जाई आणि मग साऱ्या गावाला ऐकू जाई: "श्री. अमुक अमुक, मुक्काम कामतघर, यांचे हळदी समारंभाला आगमन झालेले आहे. भोईर परिवारातर्फे त्यांचे शब्दसुमनांनी स्वागत." एवढं झालं की पाहुणा छाती फुगवून पंगतीला बसे. ज्याचं नाव राहिलं तो पोटात गडबड असल्याचं सांगून न जेवता निघून जाई, आणि ती गडबड पुढे दोन-तीन वर्षं बरी होत नसे.

केसरीनाथने तीस वर्षांत एकही नाव चुकवलं नव्हतं. खरं तर चिठ्ठी तो नुसती हातात धरायचा. कुणाचा मामा कोण, कुणाच्या सासऱ्याने गाव कधी सोडलं, सगळं त्याच्या डोक्यात होतं. चिठ्ठीत बघून अडखळत वाचणारा तो माईकवालाच नव्हे, असं तो चारचौघांत सांगायचा. त्याची नात उन्नती हे वाक्य त्याच्या मांडीवर बसून ऐकत मोठी झाली, आणि सगळी भानगड तिथेच झाली.

दोन हजार सहा सालच्या सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन होतं. केसरीनाथ ग्रामशिक्षण समितीचा अध्यक्ष, त्यामुळे झेंड्यानंतर दोन शब्द बोलणं आलं. आणि केसरीनाथचे दोन शब्द म्हणजे पाऊण तास. त्या भरात त्याने समितीचा नवा ठराव जाहीर केला. ज्या मुलाला वाचता येत नाही त्याला तिसरीतून चौथीत घालायचं नाही, मग ते मूल कुणाचंही असो. यातलं 'कुणाचंही असो' ठरावात नव्हतं, ते त्याने जागेवर घातलं. टाळ्या पडल्या म्हणून आणखी एकदा म्हटलं.

तिसरीच्या वर्गशिक्षिका रंजिताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई मुरबाडकडच्या शेतकरी घरातल्या, नोकरीला लागून दुसरंच वर्ष, टेमघरला खोली घेऊन राहायच्या. बोलायला मऊ, पण एकदा बोलल्या की शब्द मागे घेत नसत. चार दिवसांनी शाळा सुटल्यावर त्या केसरीनाथच्या ओटीवर आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की वर्गात एकतीस मुलं आहेत, त्यातल्या सात जणांना वाचता येत नाही. सहा नावं त्यांनी सांगितली. केसरीनाथ मान डोलवत होता. सातवं नाव उन्नतीचं निघालं.

केसरीनाथ हसलाच. त्याने उन्नतीला हाक मारली, मराठीचं पुस्तक तिच्या हातात दिलं आणि वाच म्हणाला. उन्नतीने पान उघडलं आणि सगळा धडा वरपासून खालपर्यंत म्हणून दाखवला. कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, सगळं जागच्या जागी. हुबेहूब आजोबाच. केसरीनाथने बाईंकडे असं पाहिलं की आता तुम्हीच बोला.

बाईंनी पुस्तक घेतलं, मधलंच एक पान काढलं आणि वरचं चित्र तळहाताने झाकलं. उन्नती त्या हाताकडे बघत राहिली. मग आजोबाकडे बघितलं. मग म्हणाली, "आबा, मना पानी पाहिजे," आणि आत गेली ती बाहेर आलीच नाही.

"चित्र दिसलं की तिला धडा कळतो," बाई म्हणाल्या. "वर्गात कुणी एकदा मोठ्याने वाचलं की तिचं पाठ होतं. अक्षरं येतात तिला, सुटी सुटी. पण ती जुळवून बघायची तिला कधी गरजच पडली नाही. चुकेन म्हणून ती प्रयत्नच करत नाही."

केसरीनाथला आधी राग आला, तो बाईंचा. मग बाई गेल्यावर स्वतःचा आला. आपल्या घरातलं पोर गावासमोर तिसरीत बसणार, आणि बसवणारे आपणच, शिवाय माईकवरून. त्याची बायको कमळ स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "कुनाचाबी असो, नाय का?"

ठराव फिरवता आला असता. समितीतल्या दोघांनी तसं सुचवलंही. पण माईकवरून गेलेला शब्द परत घेणं केसरीनाथला जमण्यातलं नव्हतं, आणि दुसरंही एक होतं. त्या रात्री सुनेने त्याला सांगितलं की झेंडावंदनाच्या दिवशी उन्नती घरी येऊन जेवली नव्हती. पोट दुखतंय म्हणाली होती. म्हणजे ठराव कुणासाठी आहे हे साऱ्या गावात फक्त तिला कळलं होतं, आणि ती तिसऱ्या रांगेत उभी राहून ते ऐकत होती. हे कळल्यावर केसरीनाथलाही जेवण गेलं नाही.

मग त्याने कंबर कसली. भिवंडीच्या बाजारातून गोष्टींची पन्नास पुस्तकं आणली. शाळेला काचेचं कपाट दिलं, त्यावर 'सप्रेम भेट' आणि स्वतःचं नाव रंगवून घेतलं. नाव इतकं ठळक होतं की आतली पुस्तकं दिसायची नाहीत. कपाटाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांकडे, म्हणजे पुस्तकं सुखरूप राहिली. घरासाठी त्याच पुस्तकांचा दुसरा संच. रोज संध्याकाळी तो उन्नतीला समोर बसवून आपल्या खणखणीत आवाजात वाचून दाखवी, आणि शेजारपाजारचेही ऐकत बसत. पंधरा दिवसांत उन्नतीची दहा पुस्तकं पाठ झाली. तिला एवढं येतंय हे बघून केसरीनाथ खूश होता. आपण खड्ड्यातून काढायला जातोय आणि खड्डा आणखी खोल करतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी एका आठवड्यात तीन हळदी आल्या, आणि त्यातच मैदानावर चार दिवस क्रिकेटचे सामने, त्यांचाही माईक त्याच्याचकडे. सामने संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केसरीनाथने चहा मागितला तर तोंडातून नुसता वारा आला. भिवंडीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि सांगितलं की आवाजाच्या पडद्यावर गाठी आल्यात. दोन महिने बोलायचं नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, कुजबुजणं जास्त वाईट. ऐकलं नाही तर मुंबईला नेऊन कापावं लागेल.

कापण्याचं नाव काढल्यावर केसरीनाथ गप्प झाला. गावाला दोन दिवस चुकल्यासारखं वाटलं. कमळने मात्र लग्नानंतर प्रथमच घरात एवढी शांतता अनुभवली, आणि तिने ते लपवलंही नाही.

बोलायचं नाही म्हणजे लिहिणं आलं. केसरीनाथ सातवी पास, अक्षर टपोरं. पण त्याला लिहिण्याची एकच तऱ्हा ठाऊक होती, ती माईकची. त्याची पहिली चिठ्ठी कमळच्या हातात पडली ती अशी: 'सौ. कमळताई केसरीनाथ भोईर यांना नम्र विनंती, की त्या जिथे कुठे असतील तिथून त्यांनी त्वरित चहा घेऊन ओटीवर यावे.' कमळने निम्मी वाचली आणि म्हणाली की एवढं वाचेपर्यंत चहा उतू जाईल. चिठ्ठी तिने चुलीत घातली आणि यापुढे चिठ्ठ्या घेणार नाही असं सांगून टाकलं. मुलगा दिवसभर गोदामावर, सून कामात. राहता राहिली उन्नती.

पहिल्या चिठ्ठीवर तिने चित्र शोधलं. चित्र नव्हतं. मग आबा बोलतील म्हणून वाट पाहिली. आबाने गळ्याकडे बोट दाखवलं. तेव्हा तिने पुन्हा कागदाकडे पाहिलं, आणि त्यात तिला स्वतःचं नाव दिसलं. नावापुढे 'कु.' होतं. मोठ्या पाहुण्यांच्या मुलींना लावतात तसं. आपल्याला असं कुणी कधी बोलावलं नव्हतं. बाकीचं काय असेल हे कळल्याशिवाय तिला राहवेना. ओटीच्या कोपऱ्यात पाठ करून बसली, अक्षरावर बोट ठेवत ठेवत पुढे सरकली, आणि बऱ्याच वेळाने हसत उठून आत गेली. चिठ्ठीत लिहिलं होतं: 'कु. उन्नती यांनी फ्रीजवरून माझा चष्मा आणावा. चष्म्याचे ओटीवर शब्दसुमनांनी स्वागत होईल.'

केसरीनाथला चष्मा हवा होता, तो मिळाला, एवढंच त्याच्या ध्यानात आलं. चार दिवस पोरगी बरोबर वस्तू आणतेय, हे त्याला पाचव्या दिवशी उमजलं. तीस वर्षं बोलून जे झालं नाही ते तोंड बंद करून होतंय, ही गोष्ट त्याला थोडी लागली. पण आनंद त्याहून मोठा होता.

मग त्याने लबाडी सुरू केली. चिठ्ठ्या लांबायला लागल्या. 'तांदळाच्या डब्यामागे कु. उन्नती यांच्यासाठी एक वस्तू येऊन थांबलेली आहे.' 'मांजराचे स्वयंपाकघरात आगमन झालेले आहे, त्यांचे स्वागत करू नये.' 'सौ. कमळताई सकाळपासून रागात आहेत, कु. उन्नती यांनी कारण शोधून कळवावे.' शेवटची चिठ्ठी कमळच्या हाती लागली आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

उन्नती चिठ्ठ्या टाकून देत नसे. दप्तरात भरून शाळेत नेई. मागच्या बाकावरच्या सातांपैकी तुळजा ही तिची जोडीदारीण. तुळजाचा बाप रघू केसरीनाथच्याच गोदामात हमाली करायचा. शहापूरकडचा माणूस, नऊ वर्षांपासून गोदामामागच्या खोलीत राहायचा, आणि गावातल्या कुठल्याही मांडवाचे बांबू त्याच्याशिवाय उभे राहत नसत. मधल्या सुट्टीत दोघी डोकं जोडून चिठ्ठ्या वाचायच्या, आणि मांजराच्या चिठ्ठीला उरलेले पाचही येऊन वाकले. ते बघून रंजिताबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या संध्याकाळी पुन्हा ओटीवर आल्या आणि रोज सात चिठ्ठ्या मागू लागल्या, प्रत्येकाच्या नावाची वेगळी.

केसरीनाथला काय, हौसच. रोज सकाळी पूजा झाली की सात चिठ्ठ्या लिहायच्या. 'कु. भाविक यांची पेन्सिल हरवल्याचे समजते, ती त्यांच्याच कानावर आहे.' 'कु. तुळजा यांचे आज वेळेवर आगमन झाले, त्याबद्दल त्यांचे अभिनंदन.' मार्चअखेर पोरं चिठ्ठीसाठी घंटेच्या आधी शाळेत यायला लागली. कपाटातली पुस्तकं हवीत म्हणून एकाने मुख्याध्यापकांकडे किल्ली मागितली, तेव्हा किल्ली कुठे ठेवलीय हे त्यांना दोन दिवस आठवेना.

एकदा मात्र केसरीनाथ अडला. पोरांची नावं माईकवर घेतात तशी पूर्ण लिहायची असं त्याने ठरवलं. सहा नावं झरझर उतरली. तुळजाच्या नावापाशी पेन थांबलं. तुळजा रघू, आणि पुढे? तीन गावांतल्या मामांचे मामा ठाऊक असलेल्या माणसाला, नऊ वर्षं आपल्या दारात राबणाऱ्याचं आडनाव ठाऊक नव्हतं. कुणाला विचारायचं तर लाज वाटली. नुसतं 'कु. तुळजा रघू' लिहून त्याने चिठ्ठी मिटली. दिवसभर ते त्याला खुपत राहिलं.

एप्रिलमध्ये बाईंनी वाचनाची परीक्षा घेतली. सहाही जणांनी वाचलं. अडत, ठेचकाळत, घाम पुसत, पण वाचलं. उन्नतीच्या हातात कपाटातलं पुस्तक आलं तेव्हा तिने ते मुखोद्गत म्हटलं, कारण ते घरी पाठ झालेलं होतं. म्हणून बाईंनी वर्तमानपत्राचा तुकडा दिला. तर पोरगी ओठ मिटून उभी राहिली. दहा मिनिटं. सगळा वर्ग बघत होता. शेवटी बाईंनी तिला बसायला सांगितलं.

संध्याकाळी त्या केसरीनाथकडे आल्या. तो हातवारे करून, चिठ्ठ्यांवर चिठ्ठ्या लिहून सांगत होता की घरी वाचते, रोज वाचते. बाईंनी सगळ्या चिठ्ठ्या शांतपणे वाचल्या.

"वाचत असेल, मला खोटं वाटत नाही," त्या म्हणाल्या. "पण एकटी कोपऱ्यात. चार माणसांसमोर अडखळायची तिला लाज वाटते. तुमची नात आहे ना. बाकीचे सहा अडखळले, म्हणून मला कळलं की ते वाचतायत. ती अडखळताना मला एकदा तरी ऐकू द्या. सोमवारी मला निकालपत्रक भरायचंय, आणि ठराव तुमचा आहे."

तो गुरुवार होता. शनिवारी केसरीनाथच्या पुतण्याची, भावेशची, हळद होती. केसरीनाथला माईक बंदच, म्हणून कामतघरचा एक माईकवाला ठरवला होता. रात्री केसरीनाथ बराच वेळ वहीत काहीतरी खरडत बसला आणि सकाळी त्याने घरातल्या सगळ्यांसमोर एक चिठ्ठी ठेवली. हळदीला माईक उन्नतीकडे राहील. कामतघरच्या पाहुण्याने जेवायला अवश्य यावे. हळदीला कोण कधी येईल हे कुणालाच पाठ नसतं, आणि बाईंनाही आमंत्रण होतं. यापुढे त्याला काही सांगायचं नव्हतं.

भावेश हसला, त्याला चाललं. कमळला चाललं नाही. तिने पुढ्यातली भाजी बाजूला सारली.

"एक नाव चुकला तं मानसा जेवाची न्हाईत," ती म्हणाली. "मग कुनाकुनाच्या दारान जाल हात जोडाला? आन पोरीला हसली तं ती परत शालेन जाल का?"

केसरीनाथने वही पुढे ओढली. त्याने लिहिलं, 'मी शेजारी बसेन.' आणि मग खाली, माईकची भाषा सोडून, आयुष्यात पहिल्यांदा साधं लिहिलं: 'मला पण भीती वाटते.' कमळने ते वाचलं आणि भाजी पुन्हा पुढ्यात ओढली.

शनिवारी उन्हं उतरली तसा मांडव भरायला लागला. उन्नती नव्या परकर-पोलक्यात स्टुलावर उभी, माईक तिच्या तोंडापर्यंत खाली आणलेला, शेजारी खुर्चीवर केसरीनाथ. तुळजाला मांडवाच्या तोंडापासून चिठ्ठ्या आणायचं काम, ते तिने स्वतःच मागून घेतलं होतं. रंजिताबाई खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेत सरबताचा ग्लास घेऊन बसल्या होत्या.

पहिली वीस-पंचवीस नावं पोरीने अशी घेतली की लोक खुर्चीत वळून बघू लागले. तोच चढउतार, तीच शब्दसुमनं. म्हातारे म्हणाले, केसरीनाथचा आवाज पोरीच्या गळ्यात जाऊन बसला. केसरीनाथ मात्र कासावीस होता, कारण त्याला दिसत होतं ते लोकांना दिसत नव्हतं. पोरगी चिठ्ठीकडे बघतच नव्हती. मांडवाच्या तोंडाशी बघायची, काका, मावशी, आत्याचे दीर, सगळे ओळखीचे, की घेतलं नाव. थेट त्याच्यासारखी. बाईंनाही ते दिसत होतं. त्या हसत होत्या खऱ्या, पण त्यांनी सरबताला तोंड लावलं नव्हतं.

तेवढ्यात तुळजा धावत आली. या खेपेची चिठ्ठी पेन्सिलीने लिहिलेली होती, वहीच्या फाडलेल्या पानावर, अक्षर तिसरीतलं. उन्नतीने सवयीने मांडवाच्या तोंडाशी पाहिलं. तिथे पांढरा, इस्त्रीचा सदरा घालून रघू उभा होता. आजवर तो प्रत्येक मांडवात मागच्या बाजूने यायचा आणि मागच्या बाजूने जेवून जायचा. आज पोरीने त्याला पुढून आणला होता. आत यावं की परत जावं हे न कळून तो चपलेशी चाळा करत होता.

उन्नतीने तोंड उघडलं आणि थांबली. रघूकाका, एवढंच तिला माहीत होतं, आणि माईकवर काका चालत नाही. तिने आबाकडे पाहिलं. आबाला कुठे माहीत होतं? तीस वर्षांत पहिल्यांदा, समोर उभ्या असलेल्या पाहुण्याचं नाव केसरीनाथला येत नव्हतं. त्याने मान लांब करून तिच्या हातातली चिठ्ठी वाचली. नाव कळलं होतं. आता ते तिच्या कानात सांगणं एका श्वासाचं काम होतं. माईक मुका पडला होता, माना वळत होत्या, कमळ स्वयंपाकाच्या बाजूने पुढे आली होती. केसरीनाथने दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तोंड घट्ट मिटून बसून राहिला.

उन्नतीने खाली पाहिलं. कागदावर बोट ठेवलं.

"श्री. र... रघु..." माईकमधून तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. "रघुना... रघुनाथ. सा... साव... सावळाराम." कोणीतरी मागे फिस्सकन हसलं. तिचं बोट थांबलं. कान लाल झाले. केसरीनाथला वाटलं की आता ओठ मिटणार, संपलं. पण मांडवाच्या तोंडाशी रघू होता आणि स्टुलाशी तुळजा होती, आणि तुळजाचे ओठ मुकाट्याने तिच्याबरोबर हलत होते. बोट पुढे सरकलं. "घो... घोड... वि, वर टिंब, विं... दे. घोडविंदे." तिने डोकं वर केलं आणि मग सगळं एका दमात घेतलं. "श्री. रघुनाथ सावळाराम घोडविंदे, मुक्काम डोळखांब, तालुका शहापूर, यांचे हळदी समारंभाला आगमन झालेले आहे. भोईर परिवारातर्फे त्यांचे शब्दसुमनांनी स्वागत."

रघूने हात जोडले. कुणाला जोडायचे ते त्याला कळेना, म्हणून त्याने ते कर्ण्याकडे बघून जोडले. केसरीनाथ खुर्चीतून उठला, माणसांतून वाट काढत मांडवाच्या तोंडाशी गेला, आणि मानाच्या पाहुण्याला नेतात तसा रघूचा हात धरून त्याला पुढच्या पंगतीला घेऊन आला. त्याला खूप बोलायचं होतं. नऊ वर्षं तुला नुसतं रघू म्हटलं, हेही त्यात होतं. बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने स्वतः ताट आणून रघूपुढे ठेवलं. लाज वाटत होती आणि सुखही वाटत होतं, दोन्ही एकदमच.

परत आला तेव्हा बाई सरबत पिऊन संपवत होत्या. इकडे पोरगी सुटली होती. आता ती प्रत्येक चिठ्ठीत बघून वाचत होती. मावशीचं नावसुद्धा बघून वाचलं आणि मावशीच्याच नावाला अडखळली. कल्हेरच्या एका पाहुण्याचं नाव तिने दोनदा तोडलं, तिसऱ्यांदा जोडलं, आणि तो पाहुणा रागावायचा सोडून पुढे होऊन टाळ्या वाजवायला लागला. कुणाचंही पोट बिघडलं नाही.

पंगत निम्मी उठली असेल तेव्हा तुळजा आणखी एक चिठ्ठी घेऊन आली. ही मांडवाच्या तोंडाकडून नव्हे, खुर्च्यांच्या तिसऱ्या रांगेतून आली होती. उन्नतीने मांडवाच्या तोंडाशी बघितलंच नाही. कागद सरळ धरला आणि वाचायला लागली.

"कु. तुळजा रघुनाथ घोडविंदे, कु. भाविक पाटील..." अशी पाच-सहा नावं झाली. "...आणि कु. उन्नती भोईर, या सात विद्यार्थ्यांचे इयत्ता चौ... चौथीच्या वर्गात आगमन झालेले आहे. शाळेतर्फे त्यांचे शब्द..."

तिथे ती थांबली. तुळजाने स्टुलाचा पाय धरून उडी मारली. केसरीनाथने डोळ्यांवरचा चष्मा काढला, कारण त्यातून काही दिसेना. कमळ लांबूनच म्हणाली की पोरीला कुणी पाणी द्या.

उन्नतीने पाणी घेतलं नाही. माईक तसाच चालू होता, मांडवाच्या तोंडाशी टेमघरचे सहा पाहुणे नावासाठी ताटकळत उभे होते, आणि ती ती चिठ्ठी पहिल्यापासून पुन्हा वाचत होती, या वेळी मनातल्या मनात. पाहुण्यांना थोडा वेळ थांबावं लागलं.